शनिवारची खरखर

मला धीर नाही, हे आधीच सांगून टाकते. वर्गात मी फळ्याकडे वळले आणि मागे कोणी पेनचं टोपण टिकटिक वाजवलं, तरी माझं डोकं फिरतं. तंजावुरात मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली, पण नको तो आवाज कानाआड करायला मी काही शिकले नाही. आणि नेमका माझ्याच घरात दर शनिवारी सकाळी तसला आवाज यायला लागला.

मी मागे स्वयंपाकघरात कॉफी गाळत असायची. आमचं घर रुंदीला एवढंसं आणि लांबीला संपता संपत नाही असं, त्यामुळे पुढच्या शेडमध्ये अप्पांनी गाडी सुरू केली की आमच्यापर्यंत फक्त मोठे आवाज पोचायचे. आधी स्टार्टरचं नेहमीचं कण्हणं. मग जरा शांत. आणि मग खर्रर्र, लोखंडी घमेलं सिमेंटवरून फरफटत न्यावं तसं. माझ्या दाढा शिवशिवायच्या. आई मात्र पळीने सांबार ढवळत राहायची.

"ऐकलंस का?" मी विचारायची.

"जुनी झाली गं गाडी. तिचेही गुडघे दुखत असतील," आई म्हणायची. मला असल्या उत्तराचा भयंकर राग यायचा.

गाडी जुनी होती हे खरंच. पांढरी, फुगीर पाठीची, पेट्रोलवर चालणारी. माझे वडील, अप्पा, पाटबंधारे खात्यात होते आणि कालव्यांच्या बांधांवरून, भाताच्या शेतांमधून त्यांनी ती आयुष्यभर हाकली होती. एवढं सगळं होऊनही तिचं इंजिन मऊ होतं. शेडच्या बाहेर उभं राहिलं तर चालू आहे की बंद हे चटकन कळायचं नाही. त्या मऊपणाचा अप्पांना कोण अभिमान. मी शाळेत असताना ते मला बॉनेटपाशी उभं करायचे आणि म्हणायचे, "आधी ऐक, मग हात लाव. ती सांगते काय दुखतं ते." आणि खरंच, नुसतं ऐकून ते सांगायचे, पट्टा सैल झालाय, प्लग काळा झालाय. अशा माणसाच्या गाडीत तो घाणेरडा आवाज यावा आणि त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढू नये, हेच मला खुपत होतं.

मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कसला आवाज?"

"अप्पा, आख्ख्या गल्लीला ऐकू जातो."

"काही नाही. तुला सगळ्यातच आवाज दिसतो." आणि पेपर वर घेतला. मी चरफडत आत गेले. हट्टीपणा आमच्या घराण्यातच आहे, त्यामुळे मला तो हट्टीपणाच वाटला.

दर शनिवारी ते पापनाशमला जायचे. तिथे माझी आत्या असते, त्यांची थोरली बहीण. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळली आहे. तिच्या सुना-नातवंडांना आमची मराठी समजते, पण बोलायची वेळ आली की ती तमिळवर जातात. त्यामुळे आत्या आठवडाभर मराठीत एकटी असते आणि शनिवारी अप्पा गेले की दोघं बसतात. काय बोलतात देव जाणे, पण परत येताना अप्पांचा चेहरा न्हाऊन आल्यासारखा असायचा. बसने जाणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. भाड्याच्या गाडीला ते हातही लावणार नाहीत. म्हणजे ही गाडी गेली की आत्या गेली, इतका सरळ हिशोब होता.

आणि गाडी जायची वेळ आली होती. माझा भाऊ चेन्नईला असतो. त्याने फोनवर तो आवाज ऐकला, कारण मीच मूर्खासारखा मोबाइलवर टिपून त्याला पाठवला होता. "पोंगलला येतो तेव्हा विकून टाकू," तो म्हणाला. "उद्या रस्त्यात बंद पडली म्हणजे? या वयात अप्पांनी धक्का मारायचा का?" मी म्हटलं, स्टार्टरच तर आहे, नीट करून घेते. तो म्हणाला, "पोंगलपर्यंत झाला तर बघू." तेव्हापासून माझ्या मागे ती खरखर हात धुऊन लागली. शाळेत, स्कूटरवर, जेवताना, मी दात मोजत असायची, म्हणजे स्टार्टरचे.

मी इंजिन काही कधी खोललं नाही, पण चाकाला दात असतात आणि दाताला दात लागला की गती मिळते, एवढं मला शिकवता येतं. इंजिनाच्या मागे मोठं जड चाक असतं, फ्लायव्हील. त्याच्या कडेला दात. किल्ली फिरवली की स्टार्टरमधलं छोटं चाक पुढे सरकतं, त्या दातांत अडकतं, मोठ्याला फिरवतं आणि इंजिन लागलं की मागे येतं. खरखर म्हणजे दात दातांत नीट बसत नाहीत. एक तर छोट्याचे झिजले, नाही तर मोठ्याचे, नाही तर स्टार्टर जागेवर हलतोय. एवढं कागदावर सोपं.

आमचा मेकॅनिक बोलका आणि छातीठोक माणूस. कोणत्याही प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार असतं. फक्त ते दर खेपेला निराळं असतं. अप्पा गाडी त्याच्याकडे घेऊन गेले आणि मागोमाग मी स्कूटरवर पोचले की तो स्वतः आत बसायचा, किल्ली फिरवायचा आणि गाडी लाजऱ्या मुलीसारखी गुपचूप सुरू व्हायची. मग तो माझ्याकडे बघायचा. मी मोबाइल काढून आवाज ऐकवायची. "दात, टीचर, दात," तो तमिळमध्ये म्हणायचा. त्याने छोटं चाक बदललं. पुढच्या शनिवारी खर्रर्र. त्याने बोल्ट आवळले. पुढच्या शनिवारी खर्रर्र. मग त्याने स्टार्टर उतरवून त्या भोकातून बॅटरीच्या उजेडात मोठ्या चाकाचे दात गोल फिरवून बघितले आणि म्हणाला, हे तर चांगले आहेत, थोडे घासलेत इतकंच. "मग थंडीमुळे असेल. पहाटे ग्रीस घट्ट होतं."

तंजावुरात थंडी ती कसली. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, आम्ही कानाला मफलर गुंडाळतो तो केवळ हौसेखातर. पण मी इतकी जेरीला आले होते की तेही तपासलं. अप्पा किल्ली कोणाला देत नाहीत; मला गाडी येते, परवानाही आहे, पण मी आयुष्यभर स्कूटरवरच. एका सकाळी ते न्हाणीघरात असताना देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावरून किल्ली उचलली, शेडमध्ये जाऊन फिरवली. गाडी सुरू झाली. बंद केली, फिरवली. सुरू झाली. एक दात इकडे की तिकडे नाही. मी तिथेच बसून त्या स्टिअरिंगला दोन शब्द सुनावले. चोराला घरात शिरताना सगळे बघतात आणि मी गेले की तो नसतोच, असं काहीसं झालं होतं माझं.

म्हणून त्या शनिवारी मी स्वयंपाकघरात थांबले नाही. ठरवलं, गाडीच्या पाठीशी उभं राहून ऐकायचं.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. बाहेर निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, ती लागते म्हणतात. कुठे निघालात असंही विचारायचं नाही. पुष्कळ घरांत हे पाळतात, पण आमच्याकडे त्याचं पार अती आहे. अप्पा "जाऊन येतो" म्हणाले आणि उंबरा ओलांडला की संपलं. काही विसरलं तर विसरलं. एकदा आत्याची औषधं राहिली, तेव्हा आईने मला स्कूटरवर पिटाळलं. मी दुसऱ्या गल्लीने वळसा घालून त्यांच्या पुढे गेले, हात आडवा करून गाडी थांबवली आणि समोरून पिशवी दिली. समोरून दिलेलं चालतं. आमच्या घरात सगळं असं समोर जाऊनच देतात, सांगतात. मला ती तेव्हा केवळ कटकट वाटायची.

अप्पा पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, सावरत गाडीत बसले. आई तिण्णेवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर उभी होती. मी शेडच्या भिंतीला टेकून, गाडीच्या मागच्या दिव्यापाशी, कान लावून.

किल्ली फिरली. स्टार्टर कण्हला. आणि इंजिन लागलं. मी अगदी जवळ होते म्हणून मला कळलं. मऊ, एकसारखी घरघर, धुरांड्यातून माझ्या पायावर ऊन हवा. गाडी सुरू होती. काहीच बिघडलेलं नव्हतं.

अप्पा थांबले. मान जराशी खाली घातली. आणि चालू गाडीची किल्ली त्यांनी पुन्हा फिरवली.

खर्रर्र.

फिरत्या चाकावर थांबलेलं चाक जाऊन आपटत होतं. मेकॅनिकच्या हातून कधीच न येणारा, माझ्या हातून न येणारा तो आवाज. मी एवढी जवळ होते की तो माझ्या छातीत शिरला, आणि मला रीत वगैरे काही सुचलं नाही. "अप्पा, सोडा! चालू आहे!" मी ओरडले. माझा वर्गातला आवाज, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. गाडीच्या काचा खाली होत्या.

अप्पांनी मान वळवली नाही. खांदाही हलला नाही. त्यांनी किल्ली सोडली, गिअर टाकला आणि गाडी सावकाश गल्लीत वळली.

आईने तोंडावर हात घेतला. "मागून हाक मारलीस," ती म्हणाली. मग मला रडकुंडीला आलेलं बघून माझी समजूत घालायला लागली. "असू दे. लागायची नाही. त्यांना ऐकू कोठे गेली."

हे बोलून ती थांबली. मीही तिच्याकडे बघितलं. इतके महिने दोघींनी मिळून जे शोधलं नव्हतं, ते तिच्याच तोंडून बाहेर पडलं होतं. ती तिण्णेवर खाली बसली आणि पदराने उगाचच खांब पुसायला लागली.

त्यानंतरची सकाळ मी कशी काढली ते विचारू नका. पापनाशमच्या रस्त्यावरच्या बसगाड्या मला माहीत आहेत. त्या हॉर्नवरच चालतात. ब्रेक त्यांना आहे की नाही याची मला शंका आहे. त्या मागून येत असतील, कर्कश्श हॉर्न मारत, आणि पुढे पांढऱ्या गाडीत एक म्हातारा आपल्या तंद्रीत. मी फोन लावला. उचलला नाही. ते तो कधीच उचलत नाहीत, आणि त्याचंही आम्ही कारण काढून ठेवलं होतं, अप्पांना मोबाइलचा तिटकारा. एकेक गोष्ट उलटी वळून अंगावर यायला लागली. पेपर वर घेणं. टीव्हीकडे नुसतं बघणं. "कसला आवाज?" म्हणणं. ते हट्ट करत नव्हते, खरंच विचारत होते. मी दारात जात होते, आत येत होते, भांडी घासलेली पुन्हा घासत होते. आई म्हणाली, "बस ना जरा," आणि स्वतः उठून दारात गेली. आत्याच्या सुनेला फोन केला, ती म्हणाली आलेत, जेवलेत, बसलेत दोघं. मग निघाले म्हणून कळलं, तेव्हापासून पुन्हा तेच. मला रागही येत होता, इतका की आले की धारेवर धरायचं, असं मी ठरवून टाकलं.

दुपार कलल्यावर गाडी गल्लीत वळली. अप्पांनी ती शेडमध्ये लावली आणि ते उतरायच्या आत मी डावीकडचं दार उघडून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांच्या तोंडाकडे तोंड करून.

"चालू करा," मी म्हटलं.

ते माझ्या ओठांकडे बघत होते. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी किल्ली फिरवली, इंजिन लागलं. त्यांचा हात पुन्हा फिरायला लागला तेव्हा मी त्यावर हात ठेवला.

"चालू आहे अप्पा."

त्यांनी हात काढून घेतला. मग त्यांनी स्टिअरिंगच्या मागे, वेगाच्या काट्याखाली बोट ठेवलं. तिथे एक छोटी लाल काच होती. "हा दिवा," ते म्हणाले. "ऑइलचा. किल्ली दिली की लागतो, इंजिन लागलं की विझतो. विझला की सोडायची, असं माझं चाललं होतं. चांगलं चाललं होतं." त्यांनी काचेवर नखाने टकटक केलं. "हा गेला. आता लागतच नाही. मग मला काय कळणार?"

म्हणजे खरखर सुरू झाली ती कान गेल्यावर नाही. कान त्याच्या कितीतरी आधी गेले होते. खरखर सुरू झाली ती तो दिवा गेल्यावर.

"मेकॅनिकला सांगायचं ना, बल्ब बदल म्हणून. एका मिनिटाचं काम."

"तो विचारेल, इतक्या वर्षांत कधी तुम्ही त्या दिव्याकडे पाहिलं नाही, आजच कशाला हवा." त्यांनी किल्ली काढून वेष्टीच्या घडीवर ठेवली. "तू विचारलं असतंस. तू तर सोडलंच नसतंस."

मी धारेवर धरायचं सगळं पाठ करून आले होते. ते बाजूलाच राहिलं. मला फार वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं त्यांना दिसू नये म्हणून बाहेर बघावं, तर मग मी काय बोलते ते त्यांना कळणार नव्हतं. म्हणून तशीच त्यांच्याकडे बघत बसले.

"भावाला सांगणार?" त्यांनी विचारलं.

"स्टार्टरचं होतं, झालं, असं सांगते."

"आणि शनिवार?"

"शनिवारी मी चालवणार. तुम्ही रस्त्यावर एकट्याने नाही. त्यात वाद नको."

ते वाद घालतील म्हणून मी तयारीत होते. ते नुसते म्हणाले, "तुझा क्लच वाईट आहे." मग किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली. आयुष्यात पहिल्यांदा. मला ती नकोशी झाली.

आठवडाभरात आम्ही कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. यंत्र आलं. ते लावलं की अप्पांना म्हणे फक्त पंख्याचा आवाज येतो, त्यामुळे बहुतेक वेळ ते देव्हाऱ्याशेजारी आपल्या डबीत असतं. मी स्पेअर पार्टच्या दुकानातून तो एवढासा बल्ब आणला आणि हात वाकडा करून, बोटं सोलून घेऊन स्वतःच बसवला. त्याची आता गरज नव्हती. तरी बसवला.

शनिवारी अप्पा डावीकडे बसले. त्यांना तिथे काय करावं ते समजेना. हात कधी मांडीवर, कधी दारावर. मी किल्ली फिरवली. इंजिन लागलं, मी ऐकलं, सोडली. अप्पा वाकून लाल काचेकडे बघत होते. ती विझल्यावर म्हणाले, "लागली." मी मान हलवली. आई तिण्णेवर येऊन उभी राहिली होती. "जाऊन येतो," अप्पा समोर बघत म्हणाले. मी गिअर टाकला, गाडी एक गचका खाऊन निघाली, आणि मी जीव मुठीत धरून इंजिनाचा आवाज ऐकत गल्लीच्या टोकाशी आले.

अप्पांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "थांब. आरशात बघ."

मी बघितलं. गल्लीच्या मधोमध आई अनवाणी, एका हातात आत्याचा जेवणाचा डबा, दुसऱ्या हाताने साडी वर धरून जवळजवळ धावत येत होती. तोंड घट्ट मिटलेलं. मी खाली उतरायच्या आत ती गाडीला वळसा घालून पुढे आली, बॉनेटसमोर उभी राहिली, श्वास घेतला आणि मग खिडकीशी येऊन डबा अप्पांच्या मांडीवर ठेवला.

"अगं, एवढी पळालीस कशाला," मी म्हटलं. "हाक मारायची ना. त्यांना थोडीच लागणार होती."

"पूर्वी मारता आली असती," आई म्हणाली. "आता आत ऐकणारं माणूस आहे."